गाणं विकताना आपण नेमकं काय विकतो?

या मालेतल्या गेल्या दोन व्याख्यानांत आपण 'मालकी' या कल्पनेभोवती फिरत होतो. आधी जमिनीची मालकी पाहिली, मग विचारांची. आज तीच कल्पना एका अगदी व्यवहारी प्रश्नाला लावून पाहायची आहे. ज्या गायक-वादकाच्या मागे कंपनी नाही, चित्रपट नाही, त्याने आपलं संगीत इंटरनेटवर विकायचं तर कसं? तत्त्वज्ञानाच्या माणसाचं इथे काय काम, असं काहींना वाटेल. आमचं म्हणणं असं, की या व्यवहारात जी फसगत होते ती तांत्रिक माहिती नसल्यामुळे कमी होते आणि आपण काय विकतोय हेच न कळल्यामुळे जास्त होते.

उदाहरणासाठी एक गायिका कल्पू या. मिरजेकडची, तिशीतली, शास्त्रीय शिकलेली. तिने तीन अभंग आणि दोन भावगीतं ध्वनिमुद्रित करून घेतली आहेत. स्टुडिओचं भाडं, तबलजी, पेटीवाले, सगळा खर्च तिचा. हे पैसे परत यायचे कुठून, आणि पुढच्या पाच गाण्यांना भांडवल कुठून, हा तिच्यापुढचा प्रश्न. आज आपण तिच्याबरोबर दुकानोदुकानी फिरणार आहोत.

त्याआधी थोडं मागे जाऊ. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. त्या तबकड्यांवर गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव ओरडून सांगते. पुष्कळांना ती नखरेल बाईची लकब वाटते. कारण साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला हा आवाज कुणाचा हे कळायला हवं, म्हणजे कागदी लेबलावर नाव बरोबर पडेल. गाणं जेव्हा गाणाऱ्यापासून सुटं होऊन प्रवासाला निघालं, तेव्हा पहिली गरज पडली ती त्याच्या अंगावर मालकाचं नाव गोंदण्याची. आज त्याला मेटाडेटा म्हणतात. आपल्या गायिकेच्या प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा क्रमांक मिळेल; गाणं जगात कुठेही वाजलं तरी ते याच क्रमांकाने ओळखलं जातं. आणि इथेच पहिली ठेच लागते, तीही अगदी घरगुती. आपलं नाव रोमन लिपीत एकदा एका स्पेलिंगने, एकदा दुसऱ्याने, एकदा वडिलांच्या नावासकट दिलं, की यंत्राच्या लेखी तीन गायिका तयार होतात. श्रोते तिघींत वाटले जातात. म्हणून एकच स्पेलिंग ठरवावं आणि जन्मभर ते सोडू नये.

आता मालकीकडे. नव्यन्यायात रघुनाथ शिरोमणी हे मोठं नाव. त्यांच्यापुढे प्रश्न होता, की 'स्वत्व' म्हणजे काय? एक उत्तर प्रचलित होतं: ज्या वस्तूचा आपण मनासारखा विनियोग करू शकतो ती आपली. शिरोमणी म्हणतात, हे चालणार नाही. दुसऱ्याच्या ताटातलं अन्नही खाता येतंच की! 'दुसऱ्याचं खायचं नाही असं शास्त्र सांगतं' असं म्हणाल, तर 'दुसऱ्याचं' या शब्दात स्वत्व आधीच गृहीत धरलंत. म्हणून स्वत्व हा स्वतंत्र पदार्थच मानला पाहिजे, वापरातून तो काढता येणार नाही. पाचशे वर्षांपूर्वीचा हा युक्तिवाद इंटरनेटवरच्या गाण्याला चपखल बसतो, कारण तिथे वापर सगळेच करतात. प्रत कुणीही काढतो, कुणीही वाजवतो. तेव्हा 'कोण वापरतं' हा प्रश्नच निरुपयोगी ठरतो, आणि 'कुणाचं आहे' एवढाच उरतो.

तर मग तिची पाच गाणी कुणाची? कायद्याच्या नजरेत इथे किमान दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. एक म्हणजे रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे ध्वनिमुद्रण. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे रचनेवरचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं चालतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून पुढची ६० वर्षं. मुद्रणाचा मालक 'निर्माता', म्हणजे ज्याने ते करण्यात पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. आपल्या गायिकेने खर्च केला, माणसं जमवली, तेव्हा निर्माती तीच. पण स्टुडिओच्या मालकाने मित्रत्वाने भाडं माफ केलं आणि पुढे दोघांच्याही मनात 'हे माझंच' असं राहिलं, तर? म्हणून दोन ओळींचा कागद लिहून सह्या घ्याव्यात. आपल्याकडे ओळखीच्या माणसाकडून सही मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं वाटतं. वाटू द्यावं.

आणि अभंगांचं काय? तुकोबांचे शब्द सर्वांचे. पण चाल? समजा तिने 'अभंग तुकयाचे' मधली, लताबाईंनी गायलेली चाल उचलली. ती चाल श्रीनिवास खळ्यांची. खळे २०११ मध्ये गेले, म्हणजे चालीवरचा हक्क २०७१ अखेरपर्यंत आहे. गायनाच्या बैठकीत आपण म्हणतो, 'हा तुकोबांचा अभंग', आणि मनात मात्र खळ्यांची चाल असते. ऐकणाऱ्याला शब्द आणि सूर वेगळे काढता येतच नाहीत, इतके ते एकजीव झालेले असतात. कायदा ते वेगळे काढतो. दुसऱ्याच्या गाण्याची आपली आवृत्ती काढायची कायदेशीर वाट आहे, पण ती पाच वर्षांनंतर उघडते, आणि कायद्याने दर वर्षी किमान पन्नास हजार प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरण्याची अट घातली आहे. मिरजेच्या गायिकेला हे झेपणारं नाही. त्यापेक्षा हक्कदाराकडे सरळ परवानगी मागावी. त्याहून बरं म्हणजे गावातल्या एखाद्या संगीतकाराकडून नवी चाल करून घ्यावी, किंवा स्वतः करावी. स्वतः केली तर रचनाही तिची आणि मुद्रणही तिचं. मग गीतकार-संगीतकारांची जी संस्था १९६९ पासून आहे, इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, तिची सभासद होऊन रचनेचा वेगळा वाटाही तिला मिळवता येतो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा असा बांधून दिला आहे, की करारावर सही करूनही तो कंपनीला देऊन टाकता येत नाही. जावेद अख्तर राज्यसभेत त्यासाठी तळमळीने बोलले होते. कायदा माणसाला त्याच्याच सहीपासून वाचवतो, हे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीनेही मोठं रोचक आहे. पण तो विषय आज काढला तर रात्र होईल.

आता दुकानं. स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन यांच्याकडे एकट्या कलाकाराने थेट गाणं घेऊन जाण्याची सहसा सोय नसते, मध्ये वितरक लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी ही त्यातली जुनी नावं. यांच्यात 'कोण स्वस्त' हे विचारण्याआधी वेगळे प्रश्न विचारावेत. हा वितरक फी घेतो की हिस्सा घेतो? वार्षिक फी भरणं थांबवलं तर गाणी दुकानातून उतरतात का? (काही ठिकाणी उतरतात.) करार संपवायचा तर किती दिवसांची सूचना? आणि मुख्य म्हणजे, तो फक्त वाहून नेतोय की मुद्रणाचा हक्कही लिहून घेतोय? हमालाला ओझं द्यावं, सातबारा देऊ नये.

गाणं दुकानात लागलं. पैसे कसे येतात? पुष्कळ जण समजतात की दर वेळी ऐकल्याचे ठरावीक पैसे मिळतात. तसं नाही. सोयीसाठी असं धरू, की एका सेवेचे दोनच ग्राहक आहेत, दोघंही महिन्याला १०० रुपये देतात, आणि सेवा त्यातले ७० टक्के हक्कदारांना वाटते. म्हणजे वाटायला १४० रुपये. पहिला ग्राहक दिवसभर चित्रपटगीतं लावून ठेवतो, महिन्यात ९९० वेळा. दुसरा रसिक आपल्या गायिकेचा भक्त. तो फक्त तिलाच ऐकतो, रोज नाही, पण कान देऊन. महिन्यात १० वेळा. एकूण वाजणं हजार, म्हणजे एका वेळेचे १४ पैसे. गायिकेला मिळाला १ रुपया ४० पैसे. आता बघा, त्या रसिकाने दिलेल्या शंभरातले हक्कदारांसाठीचे ७० रुपये जवळजवळ सगळे त्याने न ऐकलेल्या गाण्यांकडे गेले, कारण त्याने कमी वेळा ऐकलं. सगळे पैसे एका हौदात ओतायचे आणि वाजण्याच्या प्रमाणात वाटायचे, या पद्धतीचा हा परिणाम. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये दुसरी पद्धत सुरू केली, की ज्याचे पैसे त्याने ऐकलेल्यांनाच. आपल्या उदाहरणात तिला ७० रुपये मिळाले असते. दोन्ही पद्धतींत कुणी चोरी करत नाही. फरक आहे तो 'श्रोत्याने कशाचे पैसे दिले' या प्रश्नाच्या उत्तरात. वखारीत शिरण्याचे, की त्या गायिकेचे?

त्यात २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा न वाजलेल्या गाण्याला मुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. हा नियम आला की लगेच 'दहा हजार प्ले मिळवून देतो' म्हणणारे दलाल भेटतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये. ते यंत्राकडून गाणं वाजवून घेतात, ते पकडलं जातं, गाणं उतरतं, आणि स्पॉटिफाय त्याचा दंड वितरकाकडून वसूल करतं. वितरक मग कुणाकडे पाहणार, हे सांगायला नको.

यूट्यूबबद्दल थोडक्यात. तिथे जाहिरातीचा वाटा मिळण्यासाठी हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास पाहिलं जाणं, किंवा छोट्या व्हिडिओंना नव्वद दिवसांत एक कोटी दर्शनं, ही अट आहे. अमेरिकेतले श्रोते असतील तर कराचा फॉर्म जरूर भरावा. तो भरून दोन देशांतल्या कराराचा लाभ मागितला तर अमेरिकी प्रेक्षकांच्या मिळकतीवर १५ टक्के कापले जातात, फॉर्मच भरला नाही तर जगभरच्या मिळकतीवर २४ टक्क्यांपर्यंत. तिथली दुसरी गोष्ट म्हणजे कंटेंट आयडी. हे यंत्र ध्वनीचा ठसा घेऊन तो नोंदलेल्या ठशांशी ताडून पाहतं. अडचण अशी, की आपल्या गायिकेने मागे तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं होतं. (मिरजेत! जिथे सतारमेकर गल्लीत तानपुरे घडतात, तिथे अ‍ॅप. असो.) तोच तानपुरा वापरून आणखी कुणी आपलं मुद्रण नोंदवून ठेवलं असेल तर यंत्राला हे गाणं त्याचंच वाटू शकतं. असा दावा आला तर घाबरून गाणं काढू नये. आक्षेप नोंदवावा, समोरच्याला उत्तरासाठी तीस दिवस असतात. स्टुडिओचं बिल, कच्चं मुद्रण, त्या दोन ओळींचा कागद, हे सगळं अशा वेळी उपयोगी पडतं.

इथवर आपण ज्या दुकानांत हिंडलो, तिथे एक गोष्ट समान आहे. कोण ऐकतंय हे दुकानाला माहीत असतं, गायिकेला नसतं. तिला आकडे दिसतात: पुण्यात इतके, शिकागोत इतके. माणसं दिसत नाहीत. आता २९ जून २०२० आठवा. त्या दिवशी भारतात टिकटॉकवर बंदी आली. ज्यांनी तिथे लाखो चाहते जमवले होते, त्यात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतले कितीतरी लोककलावंत होते, त्यांच्या हातात दुसऱ्या दिवशी एकाही चाहत्याचा पत्ता नव्हता. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. चाहते 'आपले' होते ही समजूत चुकीची होती, एवढंच आपल्याला इथे पाहायचं आहे. शिरोमणींच्या भाषेत, विनियोग होता, स्वत्व नव्हतं. त्याआधी २०१९ मध्ये मायस्पेसने कबूल केलं, की बारा वर्षांत लोकांनी चढवलेली कोट्यवधी गाणी सर्व्हर हलवताना गेली. ज्यांनी मूळ प्रत घरी ठेवली नव्हती त्यांची कायमची गेली.

म्हणून आमचा आग्रह असा, की स्ट्रीमिंगला दुकानाची पाटी समजावं. गल्ला दुसरीकडे ठेवावा. पाटी मोठी असावी, सगळीकडे लावावी, पण तिथून माणूस आपल्या ओसरीवर आला पाहिजे.

ओसरी कुठे? बँडकॅम्प हे एक उदाहरण, २००८ पासूनचं. तिथे श्रोता गाणं किंवा आख्खा संच विकत घेतो, उतरवून घेतो; बँडकॅम्प डिजिटल विक्रीतले १५ टक्के ठेवतं, शिवाय पैसे पोचवण्याचा खर्च कापला जातो. आणि घेणाऱ्याची संमती असेल तर त्याचा ईमेल पत्ता गायिकेला मिळतो. आमच्या मते त्या व्यवहारातली सर्वांत मोलाची वस्तू हीच. या कंपनीचेही मालक २०२२ मध्ये बदलले, २०२३ मध्ये पुन्हा बदलले. तेव्हा तिथली यादीही वेळोवेळी उतरवून घरी ठेवावी. बँडकॅम्पवर 'किंमत तुम्हीच ठरवा' अशी सोय आहे. २००७ मध्ये रेडिओहेड या इंग्रज बँडने आपला 'इन रेनबोज' असाच विकला, तेव्हा जगभर गहजब झाला, की हा काय वेडेपणा! कीर्तन ऐकत वाढलेल्या माणसाला त्यात नवल वाटायचं कारण नाही. आरतीचं ताट फिरतं, कुणी रुपया टाकतो, कुणी नोट ठेवतो, कुणी नुसता हात फिरवून कपाळाला लावतो. कुणाला उठवून लावत नाहीत. तरी बुवांचा चरितार्थ चालत आला. मात्र ताट कीर्तन रंगल्यावर फिरतं आणि माणसाच्या समोरून फिरतं, हे लक्षात ठेवायला हवं. अनोळखी माणसाला इंटरनेटवर ताट दाखवून काही होत नाही. आधी तो समोर बसलेला असला पाहिजे.

तो समोर बसावा यासाठी जे करायचं त्याला प्रसिद्धी म्हणतात. या शब्दाची आमच्या पिढीला उगाच लाज वाटते. गायिकेने काय करावं? गाणं प्रसिद्ध करण्याची तारीख तीन-चार आठवडे आधी ठरवावी. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं सुचवायचं तर किमान सात दिवस आधी सुचवावं लागतं, आणि ऐन वेळी धावपळ करणाऱ्यांची ही संधी हटकून हुकते. त्या आठवड्यांत छोटे व्हिडिओ टाकावेत, पण 'माझं गाणं येतंय हो' अशी दवंडी नको. बंदिशीतली एखादी जागा कशी घेतली, चाल करताना कुठे अडलं, पेटीवाल्यांनी काय सुचवलं, हे एक-दोन मिनिटांत दाखवावं. गाणाऱ्याला जे रोजचं वाटतं ते ऐकणाऱ्याला अपूर्वाईचं असतं. प्रत्येक व्हिडिओखाली एकच दुवा, आपल्या यादीत नाव नोंदवण्याचा. मराठी श्रोता ईमेल कमी उघडतो, व्हॉट्सअ‍ॅप उघडतोच. मग तिथे यादी करावी. मात्र तिथल्या ब्रॉडकास्टचा संदेश फक्त ज्याने तुमचा नंबर जतन केलाय त्यालाच पोचतो, म्हणून बैठकीच्या शेवटी लोकांना नंबर जतन करायला सांगावं. सोसायटीच्या ग्रुपमध्ये न विचारता गाणी ढकलू नयेत. तिथे लोक ऐकत नाहीत, फक्त अंगठा दाखवतात.

केविन केली या अमेरिकी लेखकाने २००८ मध्ये 'हजार खरे चाहते' हा विचार मांडला: वर्षाला प्रत्येकी शंभर डॉलर खर्च करणारे हजार जण मिळाले तर कलाकार जगतो. आपल्याकडे हा आकडा जसाच्या तसा उचलणं भाबडेपणाचं होईल. पण शंभर डॉलरच्या जागी पाचशे रुपये घालून पाहा. हजार माणसं, वर्षाला पाच लाख. त्यात गाण्यांचा संच आला, वर्षातून दोन ऑनलाइन बैठकी आल्या, एखादी शिकवणीची कार्यशाळा आली. परदेशातल्या मराठी माणसाला तर हे फार हवं असतं; उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, दर दोन वर्षांनी अधिवेशन भरतं, आणि त्या घरांतल्या मुलांना अभंग शिकवणारं कुणी हवंच असतं. शिकवणं म्हणजे विक्री नव्हे, असं काही गायक म्हणतात. आम्हांला ते पटत नाही. गाण्याची प्रत काढता येते, गाणारीने समोर बसून दुरुस्त केलेल्या सुराची काढता येत नाही. ज्या वस्तूची प्रत निघत नाही तिलाच बाजारात अजून किंमत आहे.

हे कितपत टिकेल, असा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे: यंत्राने आवाजाचीच नक्कल केली तर प्रत निघत नाही असं काय उरलं? प्रश्न रास्त आहे. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या बाबतीत आवाज हा व्यक्तित्वाचा भाग मानून त्याची यांत्रिक नक्कल करणाऱ्यांना रोखलं. पण अरिजित सिंगचा आवाज सारा देश ओळखतो. आपल्या गायिकेचा आवाज तिच्या हजार माणसांनाच ओळखता येईल, आणि तेवढ्या ओळखीवर न्यायालयात हक्क उभा राहतो का, हा प्रश्न पुढच्या व्याख्यानात घेऊ.